सायकल-शर्यत आणि रसिकाचा संशय

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

जत्रेतल्या कुस्तीच्या फडाभोवती बसलेल्या जाणत्या प्रेक्षकांच्या तोंडी एक शब्द हमखास ऐकू येतो. दोन नामांकित मल्ल बराच वेळ नुसती खडाखडी करीत राहिले, किंवा त्यांतला एक अगदी अनपेक्षितपणे चीत झाला, की कोणी तरी शेजाऱ्याच्या कानाशी लागून म्हणतो, "नुरा दिसते." असे म्हणणारा मनुष्य कुस्तीचा द्वेष्टा नसतो. तो पाच-दहा कोसांवरून मुद्दाम आलेला असतो. कोणी पट काढला आणि कोणी ढाक लावली, हे तो लांबूनही ओळखतो. ज्याला कुस्तीची गोडीच नाही, त्याला ती खरी की ठरवून केलेली, याची विवंचना नसते. संशय घेण्याचा अधिकार आणि संशयाचे दुःख ही दोन्ही रसिकाच्याच वाट्याला येतात.

श्रोतेहो, जगात असा एक खेळ आहे की, ज्याच्या रसिकांची या संशयाशी शंभर वर्षांची ओळख आहे. तो खेळ म्हणजे युरोपातील धंदेवाईक सायकल-शर्यत. आणि या खेळाचा मुकुटमणी म्हणजे फ्रान्समध्ये दर उन्हाळ्यात होणारी 'टूर द फ्रान्स' ही शर्यत. तीन आठवडे, एकवीस टप्पे, सुमारे सव्वातीन ते साडेतीन हजार किलोमीटरची वाट, आणि मध्ये आल्प्स व पिरेनीज या दोन पर्वतरांगांतील अंगावर येणारे घाट, असे तिचे स्वरूप असते. या शर्यतीची एक गोष्ट इतर मोठ्या खेळांहून निराळी आहे. रस्त्याच्या कडेला उभे राहून ती पाहावयास तिकीट लागत नाही. शेतकरी, कामगार, पेन्शनर आपल्या मुलाबाळांसह, शिदोरी बांधून, घाटातल्या एखाद्या वळणावर आदल्या दिवसापासून मुक्काम ठोकतात. सपाट रस्त्यावर सायकलस्वारांचा सारा जथा अर्ध्या मिनिटात डोळ्यांपुढून निघून जातो, आणि त्या अर्ध्या मिनिटासाठी लोक सकाळपासून उन्हात उभे असतात. त्यांच्याकडून कोणी पैसा घेत नाही. त्यांच्याकडून घेतला जातो तो केवळ विश्वास. म्हणूनच तो बुडाला म्हणजे परत मागावयास कोणतीही खिडकी नसते.

या शर्यतीचा जन्म १९०३ साली एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला. 'लोतो' नावाचे क्रीडाविषयक दैनिक होते. त्याचा खप वाढावा म्हणून संपादक आंरी देग्रांज यांनी ही शर्यत सुरू केली. ते पत्र पिवळ्या कागदावर छापले जाई, म्हणून १९१९ पासून आघाडीच्या स्वाराला पिवळा सदरा देण्याची प्रथा पडली, असे सांगतात. त्या काळी घाटात प्रत्यक्ष काय घडले ते लोकांना दुसऱ्या दिवशी पत्रात वाचूनच कळे, आणि पत्राला तर शूरांच्या कथा हव्याच होत्या. परंतु शर्यतीच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९०४ साली, पहिल्या आलेल्या चारही स्वारांना नियमभंगासाठी बाद करावे लागले, आणि एकोणीस वर्षांचा आंरी कोर्ने हा विजेता ठरला. म्हणजे शौर्यकथा आणि संशय ही या शर्यतीची जुळी भावंडे होत.

पुढे १९२४ साली आल्बेर लोंद्र हा नामांकित बातमीदार या शर्यतीबरोबर हिंडत होता. आदल्या वर्षीचा विजेता आंरी पेलिसिए, त्याचा भाऊ फ्रांसिस आणि तिसरा एक सोबती असे तिघे अधिकाऱ्यांशी भांडण होऊन मध्येच शर्यत सोडून कुतांस गावच्या एका उपाहारगृहात बसलेले त्याला आढळले. त्यांनी आपल्या पिशव्या लोंद्रपुढे रिकाम्या केल्या. डोळ्यांत घालावयाचे कोकेन, हिरड्यांना चोळावयाचा क्लोरोफॉर्म, आणि कसल्या कसल्या गोळ्यांच्या डब्या त्यांतून निघाल्या. शर्यतीत शरीराचे काय होते, नखे कशी गळतात, रात्री झोप कशी येत नाही, हेही त्यांनी सांगितले. लोंद्रने ते सर्व छापले. आश्चर्य असे की, हे वाचून वाचकवर्ग खवळला नाही. त्याला त्या स्वारांची कीव आली. कारण त्या काळी शर्यतीत अशा औषधांना बंदी नव्हती, आणि माणसाच्या शक्तीबाहेरचे काम करणाऱ्याने माणसाच्या शक्तीबाहेरचा आधार घेतला, तर त्यात लबाडी ती कसली, असाच लोकांचा समज होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत जीनो बार्ताली आणि फाउस्तो कोप्पी या दोघा थोर स्वारांची स्पर्धा साऱ्या देशाला दोन तटांत विभागणारी ठरली. त्या स्पर्धेतील एक हकीकत बार्तालीने स्वतःच सांगून ठेवली आहे. १९४६ सालच्या इटलीच्या शर्यतीत एका घाटात कोप्पीने काचेच्या लहानशा कुपीतून काही तरी प्राशन केले आणि ती कुपी रस्त्याकडेला फेकली. बार्तालीने ती जागा मनात पक्की केली. शर्यत संपल्यावर तो मोटारीने परत त्या घाटात गेला, गवतात शोधून कुपी हस्तगत केली, आणि ती परीक्षेसाठी आपल्या डॉक्टरांकडे दिली. निष्कर्ष निघाला तो असा की, कुपीत बाजारात मिळणारे एक साधे फ्रेंच टॉनिक होते. बार्तालीने लगेच त्याच टॉनिकची मागणी नोंदवली.

ही गोष्ट हसण्यासारखी खरीच; पण तिच्यात शिकण्यासारखेही पुष्कळ आहे. बार्तालीला संशय आला, तेव्हा तो गावभर बोभाटा करीत हिंडला नाही. त्याने पुरावा शोधला, तो जाणत्या माणसाला दाखवला, आणि जे निघाले ते मान्य केले. याहून गमतीची गोष्ट ही की, त्याचा संशय त्या कुपीपुरता खोटा ठरला, तरी मुळात तो अगदीच निराधार नव्हता. स्वार ज्याला आपापसांत 'बॉम्ब' म्हणत, ते अँफेटामिनचे उत्तेजक आपण घेत होतो, हे कोप्पीने पुढे एका मुलाखतीत उघडपणे कबूल केले. संशय एका बाबतीत चुकीचा आणि दुसऱ्या बाबतीत बरोबर असू शकतो. रसिकाची खरी अडचण येथूनच सुरू होते.

औषधांविषयीची ही सहानुभूती एका मृत्यूने संपुष्टात आणली. १३ जुलै १९६७ रोजी, शर्यतीच्या तेराव्या टप्प्यात, प्रोव्हान्स प्रांतातील मों व्हांतू या उघड्याबोडक्या डोंगराच्या चढावर टॉम सिंप्सन हा इंग्रज स्वार झोकांड्या खात कोसळला. त्याला पुन्हा सायकलवर बसवण्यात आले, थोड्या अंतरावर तो पुन्हा पडला, आणि त्यातून उठला नाही. तो अवघा एकोणतीस वर्षांचा होता, आणि दोनच वर्षांपूर्वी तो जगज्जेता झाला होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात अँफेटामिनच्या गोळ्यांच्या नळ्या सापडल्या. कडक ऊन, शरीरातील पाण्याचा अभाव, मद्य आणि हे उत्तेजक, या सर्वांनी मिळून त्याचा घात केला. तो पडला त्या जागी आज एक शिलास्मारक आहे, आणि त्या घाटातून जाणारे हौशी सायकलस्वार तेथे आपली टोपी किंवा पाण्याची बाटली ठेवून पुढे जातात.

उत्तेजकांविरुद्धचा कायदा फ्रान्समध्ये १९६५ सालीच झाला होता. १९६६ साली बोर्दो येथे पोलीस आणि डॉक्टर स्वारांच्या खोल्यांत शिरले, आणि प्रथमच त्यांच्या लघवीचे नमुने घेण्यात आले. त्याचा निषेध म्हणून दुसऱ्या दिवशी सारे स्वार सायकलींवरून खाली उतरून काही अंतर पायी चालले. पाच वेळा टूर जिंकलेल्या जाक आंक्तिलने तर १९६७ साली मिलान येथे एक तासाचा विक्रम केल्यावर लघवीचा नमुना देण्याचे साफ नाकारले, आणि त्यामुळे तो विक्रम अधिकृत धरला गेला नाही. या तपासणीने एक मोठा फरक घडवून आणला. जोपर्यंत बंदी नव्हती, तोपर्यंत औषध घेणे हे स्वाराचे दुर्दैव होते. बंदी आल्यावर ते लपवणे ही लबाडी झाली. १९७८ साली आल्प द्युएझच्या माथ्यावर टप्पा जिंकून पिवळा सदरा मिळवलेला मिशेल पोलोंतिए हा बेल्जियन स्वार तपासणीच्या खोलीत गेला, तेव्हा त्याने दुसऱ्याची निर्दोष लघवी भरलेला रबरी फुगा कपड्यांत दडवून नेला होता. ते उघडकीस आले आणि त्याला शर्यतीतून घालवून देण्यात आले. घाटात दुपारी ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्यांना संध्याकाळी हे ऐकावे लागले.

तथापि, इथपर्यंतची औषधे थकव्याची जाणीव मारणारी होती. चांगल्या घोड्याचे तट्टू किंवा तट्टूचा घोडा करण्याची शक्ती त्यांत नव्हती. ती शक्ती पुढे एका औषधात आली. मानवी मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचे एक संप्रेरक तयार करते, आणि त्याच्या आज्ञेने हाडांतील मज्जा रक्तातील तांबड्या पेशी निर्माण करते. ज्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, अशा रोग्यांचा पंडुरोग बरा व्हावा म्हणून १९८०-९० च्या दशकाच्या अखेरीस हे संप्रेरक कृत्रिम रीतीने तयार होऊन बाजारात आले. संक्षेपाने त्याला 'इपीओ' म्हणतात. रक्तात तांबड्या पेशी जितक्या अधिक, तितका प्राणवायू स्नायूंना अधिक मिळतो. आणि लांब घाट चढणाऱ्या माणसाला प्राणवायूशिवाय दुसरे काय हवे असते? रोग्याचे जीवन वाचवणारे हे औषध थोड्याच अवधीत निरोगी स्वारांच्या दंडात जाऊ लागले. शरीर स्वतःच जे तयार करते, तेच हे असल्यामुळे ते तपासणीत ओळखावयाचे कसे, हे कित्येक वर्षे कोणास उमगले नाही. इपीओ ओळखणारी लघवीची तपासणी २००० साली प्रथम उपयोगात आली.

मधल्या काळात आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९९७ साली एक तडजोड काढली. रक्तात तांबड्या पेशींचे जे प्रमाण असते, त्याला हिमॅटोक्रिट म्हणतात. ते शेकडा ५० च्या वर गेले, तर स्वाराला प्रकृतीच्या कारणास्तव काही दिवस शर्यतीपासून दूर ठेवावयाचे, असा नियम झाला. नियम हितबुद्धीने केलेला होता. पण त्याचा अर्थ मात्र निराळा लावला गेला. ज्याच्या रक्तातील प्रमाण स्वभावतः ४२ होते, त्याला औषधाच्या साह्याने ४९ पर्यंत जाण्याची जणू परवानगीच मिळाली. आणि ज्याचे प्रमाण जन्मतःच ४८ होते, त्याच्या पदरात काहीच पडले नाही. शर्यत कोणाची छाती मोठी, याची राहिली नाही. कोणाचे रक्त औषधाला अधिक दाद देते, याची झाली.

जुलै १९९८ मध्ये फ्रान्स-बेल्जियमच्या सरहद्दीवर फेस्तिना नावाच्या संघाची एक मोटार जकात अधिकाऱ्यांनी अडवली. संघाच्या अंगमर्दनाचे काम करणारा व्हिली व्हुत ती चालवीत होता. तिच्यात इपीओ आणि इतर औषधांचा मोठा साठा सापडला. संघाला शर्यतीतून काढण्यात आले, पोलिसांनी हॉटेलांवर छापे घातले, आणि जगाला प्रथमच कळून चुकले की, येथे एखादा दुसरा स्वार बिघडलेला नसून संघाचे संघ, डॉक्टर आणि व्यवस्थापक यांसह, ही व्यवस्थाच चालवीत होते. त्या वर्षीचा विजेता मार्को पांतानी पुढल्याच वर्षी इटलीच्या शर्यतीत, विजय दोन दिवसांवर आला असता, रक्तातील प्रमाण ५२ आढळल्याने दूर केला गेला. त्यातून तो मनाने सावरला नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये रिमिनी येथील एका हॉटेलच्या खोलीत, कोकेनच्या अतिसेवनाने, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला.

अशा वेळी, १९९९ साली, लान्स आर्मस्ट्राँग हा अमेरिकन स्वार पुढे आला. १९९६ साली त्याला कर्करोग झाला होता, आणि तो फुप्फुसांत व मेंदूपर्यंत पसरला होता. त्यातून तो वाचला, आणि तीन वर्षांच्या आत जगातील सर्वांत खडतर शर्यत त्याने जिंकली. पुढे सलग सात वर्षे तो जिंकतच गेला. रुग्णालयातील खाटांवर पडलेल्या लाखो माणसांना त्याच्या विजयाने धीर मिळाला. अशा माणसाविषयी संशय व्यक्त करणे म्हणजे रोग्यांच्या आशेवर घाव घालणे, असे वातावरण निर्माण झाले. पुष्कळांनी विश्वास ठेवला, तो मूर्खपणाने नव्हे. फेस्तिनाच्या चिखलानंतर काही तरी निर्मळ पाहण्याची भूक लोकांना लागली होती, आणि भुकेलेला मनुष्य ताटातले अन्न चिवडून पाहत नाही.

तरीही काहींनी प्रश्न विचारले, आणि त्याची किंमत मोजली. क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच स्वार पूर्वी फेस्तिना संघातच होता, आणि औषधांना हात न लावणारा म्हणून त्याच्या सोबत्यांनीच त्याची ग्वाही दिली होती. १९९९ च्या शर्यतीत तो एका पॅरिसच्या दैनिकात लेख लिहीत असे. 'इतका वेग पाहून आम्हां स्वारांनाच धक्का बसला आहे' अशा आशयाचे त्याने लिहिले, तेव्हा चालत्या शर्यतीतच आर्मस्ट्राँगने त्याला गाठून, हे असेच चालवावयाचे असेल तर घरी जा, असे सुनावले. बाकीचे स्वारही त्याच्याशी बोलेनासे झाले, आणि थोड्याच दिवसांत बासों शर्यत सोडून गेला. फिलिप्पो सिमेओनी या इटालियन स्वाराने आर्मस्ट्राँगचे सल्लागार डॉक्टर फेरारी यांच्याविरुद्ध न्यायालयात साक्ष दिली होती. २००४ साली तो एका टप्प्यात पुढे निसटला, तेव्हा पिवळा सदरा अंगावर असलेला आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या पाठीमागे गेला, त्याला मागे फिरण्यास भाग पाडले, आणि ओठांवर बोटे फिरवून तोंड बंद ठेवण्याची खूण केली. ती खूण दूरचित्रवाणीवर साऱ्या जगाने पाहिली. डेव्हिड वॉल्श या पत्रकाराने पुस्तक लिहिले, तर त्याच्या पत्राला बदनामीच्या खटल्यात पैसे मोजावे लागले. संघात अंगमर्दनाचे काम केलेल्या एमा ओरायली या बाईंनी, १९९९ साली औषधाची चिठ्ठी मागली तारीख घालून कशी तयार करण्यात आली ते सांगितले, तर त्यांची बदनामी करण्यात आली.

२००५ साली निरोप घेताना आर्मस्ट्राँगने पॅरिसच्या व्यासपीठावरून संशय घेणाऱ्यांची कीव केली, आणि त्यांना मोठी स्वप्ने पाहता येत नाहीत, असे म्हटले. सात वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने सव्वीस जणांच्या शपथेवरील साक्षींसह आपला निर्णय प्रसिद्ध केला. त्यांत त्याचेच अकरा जुने संघसोबती होते. त्याचे सातही विजय रद्द करण्यात आले, आणि जानेवारी २०१३ मध्ये त्याने दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत त्या सातही विजयांच्या वेळी उत्तेजके घेतल्याचे कबूल केले. आपण शेकडो तपासण्यांतून निर्दोष सुटलो, हे त्याचे नेहमीचे उत्तर होते. त्या उत्तराची किंमत किती, हे त्या दिवशी सर्वांना समजले. तपासणीत न सापडणे आणि निर्दोष असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. आर्मस्ट्राँगविषयी संशय तर लाखो लोकांनी घेतला होता. पण सत्य उजेडात आले ते त्या लाखोंच्या कुजबुजीने नव्हे. ते आले ते ज्यांनी पाहिले होते आणि जे नावानिशी बोलावयास उभे राहिले, अशा मोजक्या माणसांमुळे. त्यांच्या मागे जमाव नव्हता. उलट, जमाव त्यांच्या विरुद्ध होता. म्हणून 'सगळे चोरच आहेत, आम्ही आधीच ओळखले होते' असे म्हणणाऱ्या आळशी मनुष्याने बासोंच्या पंक्तीला बसण्याचा प्रयत्न करू नये.

त्यानंतरच्या काळात पुष्कळ सुधारणा झाल्या. २००८ पासून प्रत्येक स्वाराच्या रक्ताची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते. तिला जैविक पारपत्र म्हणतात. यात औषध शोधावयाचे नसते, तर औषधाने उठवलेले ठसे शोधावयाचे असतात. बाहेरून रक्त किंवा इपीओ दिले की, शरीर स्वतःच्या नव्या पेशी कमी-अधिक करते, आणि तो चढउतार नोंदीत उमटतो. हे साधन चांगले आहे. पण अगदी लहान मात्रांत औषध घेणाऱ्याला ते नेहमीच पकडते, असे नाही. २०१६ साली तर बेल्जियममध्ये एका तरुण स्पर्धक मुलीच्या सायकलीच्या नळीतच दडवलेली विजेची मोटर सापडली. आता रक्ताबरोबर सायकलींचीही क्ष-किरणांनी तपासणी होते. एक दार बंद करावे, तो दुसरी खिडकी उघडी सापडावी, असा हा प्रकार आहे.

आणि त्यामुळे रसिकाचा संशय आता अशा माणसांवरही पडतो, की ज्यांच्याविरुद्ध काहीच सिद्ध झालेले नाही. चार वेळा टूर जिंकलेल्या क्रिस फ्रूमच्या अंगावर २०१५ साली एका प्रेक्षकाने पेलाभर लघवी फेकली. पुढे २०१७ साली त्याच्या नमुन्यात दम्याच्या औषधाचे प्रमाण मर्यादेच्या दुप्पट आढळले, आणि २०१८ साली चौकशीअंती त्याला निर्दोष ठरवण्यात आले. पहिली घटना दुसरीच्या दोन वर्षे आधीची आहे, हे विसरता कामा नये. लघवी फेकणाऱ्याच्या हाती त्या दिवशी कसलाही पुरावा नव्हता. जुलै २०२४ मध्ये पिरेनीजमधील प्लातो द बेई या घाटात स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार याने पांतानीचा १९९८ चा वेळ तीन मिनिटांहून अधिक फरकाने मागे टाकला, आणि त्याच्या मागोमाग आलेल्या डेन्मार्कच्या योनास व्हिंगेगोरनेही तो मागे टाकला. औषधांच्या ऐन बहरातील विक्रम औषधांवाचून मोडला कसा, असा प्रश्न रसिकाच्या मनात आला, तर त्याला दोष देता येणार नाही. या दोघांविरुद्ध आजवर कोणताही दोष सिद्ध झालेला नाही. शिवाय पंचवीस वर्षांत चाके, टायर, कपडे आणि वाऱ्याला तोंड देण्याची बैठक यांत पुष्कळ सुधारणा झाली. पूर्वी स्वार घाटात अर्धपोटी असत. आता तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास शर्करा पोटात घालण्याची पद्धत रूढ झाली आहे. वारा आणि सोबत यांवरही घाटातला वेळ अवलंबून असतो. ही सर्व कारणे खरी आहेत. ती पुरेशी आहेत काय, याचे उत्तर घड्याळ देऊ शकत नाही. त्याच सुमारास काही संघ रक्तातील हिमोग्लोबिन मोजण्यासाठी स्वारांना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अल्प प्रमाणात हुंगावयास देत असल्याचे बाहेर आले. संघांनी तो केवळ मोजमापाचा भाग असल्याचे सांगितले. २०२५ च्या फेब्रुवारीत संघटनेने वैद्यकीय देखरेखीबाहेर तो वारंवार हुंगण्यावर बंदी घातली.

मग रसिकाने करावे तरी काय? डोळे मिटून विश्वास ठेवावा, तर तो आर्मस्ट्राँगच्या वेळेसारखा फसेल. कोणावरही विश्वास ठेवू नये, तर तो एखाद्या निर्दोष माणसाच्या तोंडावर घाण फेकील. शिवाय निर्दोष स्वारापाशी आपली निर्दोषता सिद्ध करण्याचे साधनच नसते. घेतले हे दाखवता येते. घेतले नाही, हे कोण आणि कसे दाखवणार? जगातील न्यायालये आरोप करणाऱ्यावर पुराव्याचा भार टाकतात, ते याच कारणासाठी.

संशयाचे दोन प्रकार आहेत, असे म्हणता येईल. एक संशय प्रश्न विचारतो, आणि उत्तर मिळाले म्हणजे थांबतो, जसा बार्ताली त्या कुपीपाशी थांबला. दुसरा संशय उत्तर ऐकण्याच्या आधीच समाधान पावतो, कारण त्याला सत्य नको असते, शहाणे ठरणे हवे असते. पहिला संशय कष्टाचा आहे. स्वाराच्या वेगाकडे पाहण्याऐवजी तो संघाच्या डॉक्टरकडे पाहतो. पूर्वी कोणावर काय सिद्ध झाले, आणि तीच माणसे आज कोणत्या मोटारीत बसून संघ चालवतात, हे विचारतो. तपासणी करणारी संस्था आणि शर्यतीवर पैसा मिळवणारी संस्था एकमेकींपासून खरोखर दूर आहेत काय, हे विचारतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो कोणी बोलू लागतो, त्याचे तोंड बंद करण्याचा प्रयत्न होतो काय, याकडे लक्ष ठेवतो. २००४ साली ओठांवर फिरवलेली ती बोटे कोणत्याही घड्याळापेक्षा अधिक बोलकी होती. पाहणाऱ्यांनी ती पाहिली, आणि तरी पुष्कळांनी ती खूण म्हणजे दोन स्वारांमधील किरकोळ भांडण समजून सोडून दिली.

एक शंका उरते. एवढे कष्ट घेऊन संशय बाळगावयाचा, तर मग खेळ पाहावयाचाच कशाला? याचे उत्तर विजेत्यांकडे पाहून मिळणार नाही. १९९९ ते २००५ या सात वर्षांत शर्यतीत पहिल्या तीन क्रमांकांवर आलेल्या एकवीस स्थानांपैकी वीस स्थानांवरील स्वारांचा संबंध उत्तेजकांशी जोडला गेल्याचे त्या अमेरिकन संस्थेने नमूद केले. म्हणून आर्मस्ट्राँगचे विजय काढून घेतल्यावर ते दुसऱ्या कोणालाही देण्यात आले नाहीत. शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत त्या सात वर्षांसमोरची जागा रिकामी आहे. वास्तविक त्या प्रत्येक वर्षी औषधाला हात न लावता तीन आठवडे पॅडल मारीत पॅरिसला पोहोचलेला कोणी तरी एक स्वार असलाच पाहिजे. तो कदाचित तिसावा आला असेल, कदाचित साठावा. त्याचे छायाचित्र कोणी छापले नाही, त्याच्या संघाने पुढल्या वर्षी त्याच्याशी करार केला नसेल, आणि बासोंप्रमाणे त्यानेही वेळेआधीच सायकल भिंतीला टेकवली असेल.

रसिकाचा प्रामाणिक संशय हा त्या माणसासाठी आहे. आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून पहिल्या आलेल्यासाठी टाळ्या वाजवतो, तेव्हा त्या टाळ्या कोणाच्या वाट्याच्या होत्या, हे विचारण्याचे कर्तव्य आपल्याकडे येते. ते टाळले म्हणजे चोराला बळ मिळते. आणि ते निष्काळजीपणे बजावले, तर जो बिचारा प्रामाणिक आहे, त्यालाच चोरांच्या रांगेत उभे केले जाते. घाटावर येणाऱ्या जाणत्या माणसाने म्हणून एक करावे. पुढचे दहा-वीस स्वार निघून गेल्यावर चटईची गुंडाळी करून घरची वाट धरू नये. शेवटचा स्वार वर येईपर्यंत, मग तो अर्ध्या तासाने का येईना, त्याने वळणावर उभे राहावे आणि त्यालाही तितक्याच जोराने टाळ्या द्याव्यात.